वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील लोकमत आणि मतमोजणी यांमधले अंतर

अमेरिकेतील निवडणुका, तेथील पक्ष आणि मतचाचण्या यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळच्या सदरासाठी निवडले आहेत.

प्रश्न : हजार-दीड हजार माणसांना विचारून तेहतीस कोटींच्या देशाचा कल सांगता येतो, हे मुळात खरे आहे का? आणि खरे असेल, तर २०१६ आणि २०२० मध्ये अमेरिकेतील मतचाचण्या का चुकल्या? (स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, सांगली)

खरे आहे, पण त्याला एक अट आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर ते शीत पातेल्यातल्या कोणत्याही थरातून येण्याची शक्यता सारखी असली पाहिजे. वरवरचीच शिते दाबून पाहिली, तर तळचा भात कच्चा राहिल्याचे शंभर शितांवरूनही कळणार नाही. अमेरिकेला हा धडा १९३६ मध्ये मिळाला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने त्या वर्षी सुमारे एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या. त्यांतल्या वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन निवडून येणार, असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी यांतून. महामंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार होती, तो मतदार काही सर्वसामान्य मतदारासारखा नव्हता. शिवाय मतपत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी अधिक प्रमाणात घेतली. मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी मात्र त्याहून कितीतरी लहान नमुना घेऊन रूझवेल्ट जिंकतील असे आधीच सांगितले होते. त्यांचा आकडाही प्रत्यक्षाहून काही टक्के कमी पडला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, कारण विजेता बरोबर सांगितला गेल्यामुळे आकड्यातली चूक झाकली गेली.

१९४८ मध्ये ती झाकली गेली नाही. मुलाखतकारांना इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके शहरातले, इतके खेड्यातले अशी वाटणी तेव्हा ठरवून दिली जाई, पण त्या वाटणीत नेमके कोणाला विचारायचे हे त्यांच्यावर सोडलेले असे आणि साहजिकच ते सोयीच्या वस्तीत, सोयीच्या माणसांकडे जात. त्यात एल्मो रोपर या चाचणीकर्त्यांनी रिपब्लिकन उमेदवार टॉमस ड्यूई यांचा विजय ठरल्यासारखाच आहे असे मानून सप्टेंबरातच आकडे देणे थांबवले. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने तर ड्यूई यांनी ट्रूमन यांना हरवले असा मथळाही छापला, आणि निवडून आलेले हॅरी ट्रूमन तोच अंक हातात धरून छायाचित्रकारांसमोर उभे राहिले. त्यानंतर कोणाला विचारायचे हे मुलाखतकाराऐवजी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडीने ठरवण्याकडे चाचणीकर्ते वळले.

आजची अडचण याहून वेगळी आहे. निवड कितीही काटेकोर केली, तरी निवडलेला माणूस बोलायलाच तयार नसतो. प्यू रिसर्च सेंटर या नावाजलेल्या संस्थेच्या टेलिफोन चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत, २०१८ मध्ये ते प्रमाण ६ टक्क्यांवर आले. जे बोलत नाहीत त्यांची मते बोलणाऱ्यांसारखीच असतील, तर फारसे बिघडत नाही. २०१६ मध्ये मात्र पदवीधर मतदार चाचण्यांना अधिक प्रमाणात उत्तरे देत होते, त्यांचा कल हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता आणि अनेक राज्यांतील चाचण्यांनी शिक्षणानुसार भारांकन, म्हणजे प्रत्येक गटाच्या उत्तरांना त्याच्या खऱ्या प्रमाणाइतके वजन देणे, केलेच नव्हते. देशभराच्या चाचण्या त्या वर्षी फारशा चुकल्या नाहीत हेही सांगितले पाहिजे. त्यांची सरासरी क्लिंटन यांना सुमारे तीन टक्क्यांची आघाडी देत होती आणि प्रत्यक्षात त्यांना दोन टक्क्यांहून किंचित अधिक आघाडी मिळाली. चूक झाली ती विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत, म्हणजे नेमकी जिथे निवडणूक ठरायची होती तिथे. २०२० ची चूक त्याहून मोठी, गेल्या चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी होती, आणि जनमत संशोधकांच्या राष्ट्रीय संघटनेने तपास करूनही तिचे एकच निश्चित कारण हाती आले नाही. माझा अंदाज असा, की संस्थांवरचा विश्वास उडालेला मतदार चाचणीवाल्यांचा फोनच घेत नाही आणि त्याची उणीव कोणत्याही भारांकनाने पुरती भरून निघत नाही.

हजार जणांच्या नमुन्यात अधिक-उणे तीन टक्क्यांची चूक धरतात. ती प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला लागू असते, त्यामुळे दोघांतल्या अंतरातली चूक जवळजवळ दुप्पट होऊ शकते. म्हणून ४८ विरुद्ध ४६ असा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ ‘सांगता येत नाही’ असाच घ्यावा.

प्रश्न : कमी मते मिळवणारा उमेदवार अध्यक्ष होतो, हे लोक कसे मान्य करतात? आणि त्यांच्याकडे आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही का? (निवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

अध्यक्षाची निवड निर्वाचक मंडळाकडून होते. संसदेच्या दोन सभागृहांतील, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या ४३५ आणि सिनेटच्या १०० जागांइतके निर्वाचक राज्यांना आणि तीन राजधानी वॉशिंग्टनला, असे एकूण ५३८ निर्वाचक असतात. विजयासाठी २७० मते लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्य आपले सर्व निर्वाचक राज्यात पहिल्या आलेल्या उमेदवाराला देते. त्यामुळे २०१६ मध्ये क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही वर सांगितलेल्या तीन राज्यांतील एकत्रित ८० हजारांहून कमी मतांनी निकाल फिरवला. सगळ्यांना हे मान्य आहे असे नाही, पण पद्धत बदलायची तर घटनादुरुस्ती लागते, तिला तीन-चतुर्थांश राज्यांची संमती लागते आणि ज्या राज्यांना या पद्धतीत लोकसंख्येच्या मानाने अधिक वजन मिळते, ती संमती कशाला देतील?

आपल्यासारखा आयोग तेथे नाही. संघराज्य पातळीवरचा निवडणूक आयोग फक्त प्रचाराच्या पैशांवर देखरेख ठेवतो. त्याचे सहा सदस्य असतात, एका पक्षाचे तिघांहून अधिक नसतात आणि निर्णयाला चार मते लागतात. मतदारयाद्या, मतदान केंद्रे, मतपत्रिका हे सारे राज्ये आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे घटक) पाहतात, आणि अनेक राज्यांत या कामाचा प्रमुख स्वतः पक्षाच्या नावावर निवडून आलेला असतो. २००० मध्ये फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी विजयी ठरले आणि त्यामुळेच ते अध्यक्ष झाले. तेथील निकाल प्रमाणित करणाऱ्या अधिकारी कॅथरीन हॅरिस त्याच वेळी बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचाराच्या सहप्रमुख होत्या. आपल्या आयोगावर टीका करताना ही व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते आणि नुकतीच तेथील नागरिक झाली आहे. मतदार नोंदणीच्या अर्जात तिला पक्ष लिहायचा रकाना दिसला. तो भरला म्हणजे ती पक्षाची सभासद झाली का? मग तिकीट कोण देते? (वाचक, पुणे)

आपल्या अर्थाने सभासद नाही. वर्गणी नाही, शपथ नाही, पक्षाला तिला काढूनही टाकता येत नाही. त्या रकान्याचा उपयोग इतकाच, की पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी निवडणुकीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका हाती मिळायची ते त्यावरून ठरते. रकाना रिकामा ठेवला तरी न्यू जर्सीत प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगता येतो. टेक्सास किंवा मिशिगनमध्ये तर मतदाराच्या पक्षाची नोंदच होत नाही. मुख्य निवडणुकीत तिने कोणाला मत द्यावे यावर कसलेही बंधन येत नाही.

तिकीट देणारे पक्षश्रेष्ठी तेथे उरलेले नाहीत, ही अमेरिकी पक्षांची सर्वांत वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे उमेदवारी अर्जासोबत पक्षाचा एबी फॉर्म लागतो आणि तो देणे न देणे नेत्यांच्या हाती असते. अमेरिकेतही १९६८ पर्यंत बरेचसे तसेच होते. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली, कारण प्रतिनिधींपैकी बहुतेक जण राज्याराज्यांतील नेत्यांच्या मुठीत होते. सभागृहाबाहेर व्हिएतनाम युद्धाचे विरोधक आणि पोलीस यांच्यात चकमकी होत होत्या, आणि हम्फ्री पुढे निवडणूकही हरले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले, १९७२ पासून अध्यक्षपदाची उमेदवारी मुख्यतः प्रायमरीतून ठरू लागली आणि रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. याचा परिणाम २०१६ मध्ये दिसला. कोणतेही निवडून आलेले पद कधी न भूषवलेले डोनाल्ड ट्रम्प पक्षातील अनेक ज्येष्ठांचा विरोध असतानाही उमेदवार झाले. औपचारिक निवड आजही अधिवेशनाचे प्रतिनिधीच करतात. जुलै २०२४ मध्ये जो बायडेन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांची उमेदवारी त्या प्रतिनिधींनीच ठरवली.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे आहे. बेळगावात वाढलेले हे उद्योजक २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिघांत तिसरे आले. पुढे ते राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहाच्या प्रायमरीत नऊ उमेदवारांमध्ये सुमारे २८ टक्के मते मिळवून पहिले आले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्यामुळे नोव्हेंबरची लढत जवळजवळ उपचाराची राहिली. खरी निवडणूक ऑगस्टमध्ये झाली आणि नऊ जणांत मते विभागल्यामुळे २८ टक्के पुरेसे ठरले. म्हणून आपल्या मुलीने नोव्हेंबरच्या मतदानाइतकेच प्रायमरीच्या मतदानालाही महत्त्व द्यावे.

प्रश्न : पहिला येईल तो जिंकला, ही पद्धत आपली आणि त्यांची एकच. मग आपल्याकडे इतके पक्ष आणि त्यांच्याकडे दोनच कसे? (महाविद्यालयीन शिक्षक, कोल्हापूर)

पद्धत सारखी असली तरी बक्षीस वेगळे आहे. आपल्याकडे पंचवीस-तीस खासदारांचा प्रादेशिक पक्षही आघाडी सरकारात वाटाघाटी करू शकतो. अध्यक्षपदाची अशी वाटणी होत नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के, म्हणजे १ कोटी ९७ लाख मते मिळाली आणि निर्वाचक मत एकही मिळाले नाही, कारण त्यांची मते देशभर सारखी पसरली होती. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना त्याहून कमी मते होती, पण ती दक्षिणेत एकवटल्यामुळे त्यांनी पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक मते जिंकली. कोणालाच २७० मिळाली नाहीत, तर निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो आणि तेथे प्रत्येक राज्याला एक मत असते, त्यामुळे तिसऱ्या पक्षाला तेथेही फारसे स्थान नाही. याखेरीज मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी प्रत्येक राज्याच्या निराळ्या अटी आणि सह्यांची मोहीम आहेच. मला मात्र प्रायमरी हे अधिक खोलवरचे कारण वाटते. नाराज गटाला नवा पक्ष काढण्याची गरजच पडत नाही. व्हर्मांटचे अपक्ष सिनेटर बर्नी सँडर्स दोनदा डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. आपल्याकडे जी भांडणे पक्ष फोडतात, ती तेथे पक्षाच्या पोटातच लढली जातात.

प्रश्न : बंदूक विकत घेणाऱ्याची पूर्वपडताळणी व्हावी असे दहापैकी नऊ अमेरिकनांना वाटते, असे वाचले. लोकशाहीत इतके मोठे मत असूनही कायदा का होत नाही? (वाचक, मडगाव)

या प्रश्नाने मलाही अनेक वर्षे अस्वस्थ केले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथील शाळेत २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर आलेला पडताळणी विस्तारण्याचा प्रस्ताव एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांवर थांबला. बहुमत होते, पण चर्चा लांबवून विधेयक अडवण्याच्या प्रथेमुळे ६० मते हवी होती. त्या ६० मतांमागे किती लोकसंख्या आहे हेही मोजले जात नाही. २०२० च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख आणि वायोमिंगची पावणेसहा लाखांच्या आसपास, आणि दोघांचेही सिनेटर दोन-दोनच. दुसरी बाब मतचाचणीत दिसत नाही, ती म्हणजे मताची धग. पडताळणी हवी म्हणणारे बहुतेक जण मतदान करताना इतर दहा गोष्टी पाहतात. बंदुकीच्या हक्काला जपणारा मतदार मात्र त्या एकाच गोष्टीवर मत देतो, आणि कमी मतदान होणाऱ्या प्रायमरीत असा मतदार उमेदवाराला पाडू शकतो. जून २०२२ मध्ये टेक्सासमधील युव्हाल्डी येथील शाळेतल्या हत्याकांडानंतर एक कायदा झाला, पण त्याने मुख्यतः २१ वर्षांखालील खरेदीदारांची तपासणी कडक केली. सर्व विक्रीला लागू होणारी पडताळणी त्यातही नाही.

काही राज्यांत लोकांना थेट मतदानाने कायदा किंवा राज्यघटनेतील दुरुस्ती करता येते आणि तेथे पक्ष व मत यांतला फरक उघड होतो. फ्लोरिडाने २०२० मध्ये ट्रम्प यांना बहुमत दिले आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर केला. या वाटेवरही उंबरठा आहे. २०२४ मध्ये त्याच राज्यात गर्भपाताच्या हक्काच्या दुरुस्तीला सुमारे ५७ टक्के मते मिळाली आणि ती फेटाळली गेली, कारण तेथे ६० टक्क्यांची अट आहे. ती अटदेखील २००६ मध्ये लोकांच्या मतदानानेच घातली गेली होती आणि त्या प्रस्तावाला मिळालेली मते ५८ टक्क्यांहून कमी होती.