जिल्हा परिषदेच्या शाळेत आता काय बसवावं: फळा, प्रोजेक्टर, टीव्ही की पॅनेल?

गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी दीड लाख जमवलेत, आणि तुम्ही विचारलंय की वर्गातलं तंत्रज्ञान पाटीपासून पॅनेलपर्यंत (बोटाने स्पर्श करून चालवायचा मोठा पडदा) कसं बदलत गेलं आणि आज या पैशात काय घेणं शहाणपणाचं.

आधी उत्तर, मग कारणं. पॅनेलची ऑर्डर देऊ नका, आधी वायरमन बोलवा. पडदा कितीही चांगला असला तरी वर्गातली साधनं बंद पडतात ती वीज, धूळ आणि दुरुस्ती या तीन गोष्टींपायी. मागच्या बहुतेक साधनांचा इतिहास हेच सांगतो.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती: फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं आणि हात फिरवून पुसायचं. पुढे दगडी पाटी आणि पेन्सिल आली. पाटीची खरी ताकद आपण विसरलोय. बाईंनी गणित घातलं, "पाट्या वर करा" म्हटलं की पाच सेकंदांत तीस मुलांची तीस उत्तरं समोर. कोण कुठे चुकलं ते लगेच कळतं. पुढच्या बहुतेक साधनांनी ही सोय काढून घेतली. पडदा एक आणि बघणारे तीस, असा वर्ग झाला. म्हणून नवीन काहीही आणलं तरी पाट्या ठेवा, किंवा छोटे पांढरे बोर्ड घ्या. हा खर्च तसा थोडा आहे आणि शिकवण्यातला फायदा मोठा.

फळ्याचंही तसंच. लाकडी घोडीवरचा फळा, मग भिंतीतला सिमेंटचा, मग हिरवा. १९८७ च्या केंद्र सरकारच्या ऑपरेशन ब्लॅकबोर्ड योजनेत किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य एवढंच मागणं होतं. यावरून तेव्हा किती शाळांत तेवढंही नसेल याची कल्पना येते. आजही फळा चकाकतो कारण कुणीतरी साधा ऑइलपेंट मारलेला असतो. खडू घसरतो आणि खिडकीकडच्या मुलांना अक्षर दिसत नाही. फळ्याचा मॅट काळा रंग घ्या, जुना थर पॉलिशपेपरने घासून काढा, दोन हात मारा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. मग खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करा आणि कोरड्या कापडाने पुसा. ही शेवटची पायरी टाळली की पहिल्या दिवशी लिहिलेली अक्षरं कायमची पुसट उमटून राहतात.

रेडिओ आणि टीव्हीचा काळ वेगळ्याच कारणाने फसला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर साइट प्रकल्प, म्हणजे उपग्रहावरून गावोगावी शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा प्रयोग, चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम पोचले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था आली. मराठीत, आपल्या अभ्यासक्रमावर कार्यक्रम होऊ लागले. अडचण वेळेची होती. दूरदर्शनवर कार्यक्रम ठरल्या वेळीच लागणार आणि वर्गात तो धडा त्या दिवशी असेलच असं नाही. मास्तरांना तो थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. यातून घ्यायचा धडा साधा आहे: जे शिक्षकाला थांबवता येतं तेच वर्गात टिकतं.

संगणक आले १९८४-८५ च्या 'क्लास' या केंद्राच्या संगणक-साक्षरता प्रकल्पातून, तेव्हाची यंत्रं ब्रिटनची बीबीसी मायक्रो. माध्यमिक शाळांत संगणक-कक्ष पसरले ते २००४ च्या केंद्राच्या आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) योजनेनंतर. बऱ्याच ठिकाणी ठेकेदार यंत्रं बसवणार, काही वर्षं चालवणार आणि मग शाळेच्या ताब्यात देणार, असा करार असे. मुदत संपली की ठेकेदाराचा माणूस जायचा आणि कक्षाला कुलूप लागायचं. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसायची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल संपला की यंत्र सुरू होताना दरवेळी तारीख जुनीच दाखवतं, आणि चुकीच्या तारखेमुळे वेबसाइट उघडत नाहीत. पन्नास रुपयांच्या आतला सेल असतो तो. पण हे ठाऊक नसल्यामुळे "नेट चालत नाही" म्हणून चांगले संगणक पडून राहिले. तुमच्या शाळेत जुने संगणक असतील तर आधी तो सेल बदलून बघा.

प्रोजेक्टरकडे वळताना सावध राहा, कारण अजूनही देणगीत तो दिला जातो. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा साधारण ३००० ते ५००० तास चालतो आणि तोवर त्याचा उजेड निम्म्यावर येतो. ल्यूमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण उजेड, आणि लक्स म्हणजे पडद्याच्या एका चौरस मीटरवर पडणारा. ८० इंची चित्र म्हणजे जवळपास १.८६ चौरस मीटर. ३३०० ल्यूमेनचा नवा प्रोजेक्टर तिथे सुमारे १८०० लक्स देतो, दिवा जुना झाला की ९००. दारं-खिडक्या उघड्या ठेवून पडद्यावर ५०० लक्स बाहेरचा उजेड पडत असेल तर काळं अक्षर राखाडी होतं. खिडक्या बंद केल्या तर एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात बसवत नाही.

त्याहून मोठा शत्रू खडू. पंखा प्रोजेक्टरमधून हवा ओढतो, त्याबरोबर खडूची भुकटी जाळीत जाते. जाळी चोंदली की यंत्र तापतं, तापमानाचा लाल दिवा लागतो आणि तास अर्ध्यावर असताना ते बंद पडतं. फळा आणि प्रोजेक्टर एकाच खोलीत ठेवायचे असतील तर महिन्यातून एकदा जाळी काढून ब्रशने झाडावी लागते. वापर संपल्यावर बटनाने बंद करून पंखा थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, मगच मेन स्विच. लोडशेडिंगमध्ये हे पाळता येत नाही, म्हणून दिवे लवकर जातात. लेसरचा प्रोजेक्टर २०,००० तास चालतो म्हणतात, पण तो घेतलात तर तुमच्या रकमेचा मोठा भाग त्यातच जाईल.

आता टीव्ही आणि पॅनेल. इथे मोजायची गोष्ट म्हणजे पडद्याची उंची. वर्गात वाचायचा मजकूर असेल तर शेवटचं मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून लांब बसू नये. ४३ इंची टीव्हीची उंची जेमतेम ५३ सेंटीमीटर, म्हणजे तो ३.२ मीटरपर्यंतच. ५५ इंची ४.१ मीटर, ६५ इंची ४.९, ७५ इंची ५.६. देवनागरीला तर हा नियम आणखी कडक लावावा. आपल्याकडे अर्थ मात्रेत, उकारात, अनुस्वारात असतो आणि लांबून नेमकं तेच आधी दिसेनासं होतं.

इंटरॅक्टिव्ह पॅनेल वाईट नाही. पण बहुतेकांचा स्पर्श चौकटीतल्या इन्फ्रारेड किरणांवर चालतो. चौकटीच्या कडेला खडूची धूळ साचली किंवा थेट ऊन पडलं की बोट न लावताच रेघा उमटतात. मऊ कोरड्या ब्रशने कडा झाडल्या की बहुधा ठीक होतं. वजन ५० किलोच्या आसपास असतं, त्यामुळे जुन्या मातीच्या किंवा भुसभुशीत प्लास्टरच्या भिंतीवर टांगू नका, स्टँड घ्या. पॅनेलमधली अँड्रॉइडची आवृत्ती चार-पाच वर्षांत जुनी होते आणि ॲप चालेनाशी होतात. स्पर्शाचा लाभही एका वेळी पडद्यापाशी उभ्या असलेल्या मोजक्याच मुलांना होतो. प्राथमिक शाळेत, या रकमेत, मला तो खर्च पटत नाही.

माझा सल्ला: ६५ इंची साधा टीव्ही, त्याला एक साधा संगणक किंवा लॅपटॉप, आणि वेगळा स्पीकर, कारण टीव्हीचा आवाज मागे पोचत नाही. टीव्ही फळ्याच्या शेजारी लावा, फळ्यावर नाही. फळा झाकून मधोमध पडदा ठोकणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ज्या दिवशी वीज नसेल त्या दिवशी मास्तर लिहिणार कुठे? मुलं खाली पट्टीवर बसत असतील तर टीव्हीची खालची कडा जमिनीपासून ९० ते १०० सेंटीमीटर ठेवा.

पण त्याआधी वीज. वायरमनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघायला सांगा, ते ३-४ व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही तपासून दुरुस्त करून घ्या. वर्गासाठी स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि सर्ज संरक्षण (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) बसवा. गावात न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि टीव्ही तिथेच संपतो, म्हणून जास्त व्होल्टेजला वीज तोडणारं उपकरणही हवं. वळवाचं आभाळ भरून आलं की, वीज कडाडायच्या आधीच, प्लग आणि डिशची किंवा नेटची केबल, दोन्ही काढायची. वीज त्या केबलमधूनही आत येते. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर (इन्व्हर्टरची) बॅटरी निम्मीच वापरायची असं धरलं आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वजा केली तर टीव्ही-स्पीकरच्या १७० वॅटला सुमारे साडेचार तास मिळतात, ७५ इंची पॅनेलच्या २५० वॅटला तीन. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार त्या व्यक्तीचं नाव आधीच ठरवा. पैसे उरले तर छोटं सोलर घ्या. शाळेची वेळ उन्हाचीच असते आणि वीजबिल थकून मीटर कापला तरी वर्ग चालतो.

आशयासाठी नेटवर विसंबू नका. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत असताना शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला, ती कल्पना पुढे राज्यभर गेली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. २०१७ पासून दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप आहे. पुस्तकातल्या कोडखालची सहा अक्षरं टाइप केली तरी धडा उघडतो, कॅमेरा लागत नाही. आठवड्याचे व्हिडिओ शनिवारी उतरवून ठेवा. डोंगल (संगणकाला लावायची, किल्लीसारखं काम करणारी छोटी वस्तू) लावून चालणारं विकतचं सॉफ्टवेअर टाळा. डोंगल हरवला किंवा विकणारा गायब झाला की सगळंच गेलं. गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं मोफत आहेत.

दुकानदाराला शेवटचे वीस टक्के लगेच देऊ नका. आधी भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, पडद्यावर "दिन, दीन, सुत, सूत" असे शब्द लिहा आणि सर्वांत मागच्या कोपऱ्यातल्या मुलाला वाचायला सांगा. त्याने अडखळत वाचलं तर अक्षराचा आकार वाढवा. तरीही जमलं नाही तर पट्ट्या पुढे सरकवा, आणि ते झालं की मगच बिल चुकतं करा.