वाचकांचे प्रश्न : आधी कान, मग कॅमेरा

प्रश्न : मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीसाठी जाईन तिथे विचारतात, लिहिता येतं का, शूट येतं का, एडिटिंग येतं का, कॅमेऱ्यासमोर बोलता येतं का? आमच्याकडे या प्रत्येक गोष्टीचा तास वेगळा आणि शिक्षकही वेगळे. मी एका गोष्टीत पक्की होऊ की सगळं थोडं थोडं शिकू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : माणसाला प्रश्न विचारणं आणि त्याचं उत्तर बिनचूक टिपून घेणं, यात पक्की हो. बाकीचं कामापुरतं शीक, पण जेवढं शिकशील तेवढं नीट.

मी छापील दैनिकात बातमीदार होते तेव्हा सोबत छायाचित्रकार असायचा. मी बोलत असायचे, तो बघत असायचा. परतताना तो म्हणायचा, "उत्तर देताना ते हातातली किल्ली सतत फिरवत होते, पाहिलंत?" मी पाहिलेलं नसायचं. आता ती दोन्ही कामं तुला एकटीला करायची आहेत. ही पद्धत तशी जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एनवाय-वन ही वृत्तवाहिनी सुरू झाली, तीच मुळी स्वतःचा कॅमेरा स्वतः घेऊन फिरणाऱ्या बातमीदारांवर. पण मे २०१३ मध्ये शिकागो सन-टाइम्सने आपले २८ पूर्णवेळ छायाचित्रकार एकदम कमी केले आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायला शिकवलं, ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. सगळं येणारा बातमीदार तयार करणं वेगळं आणि तिघांचं काम एकाच्या डोक्यावर टाकणं वेगळं. जमाव भडकलेला असेल तिथे एकटीने कॅमेरा डोळ्याला लावू नकोस. सोबत माणूस माग. स्क्रीनकडे बघणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही.

शिकायला सुरुवात आवाजापासून कर. माझ्या एका विद्यार्थिनीने निवृत्त सफाई कामगाराची मुलाखत आणली होती. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर एका बाजूने पडलेला, फ्रेम सुरेख. मी इयरफोन लावले तर वर पंख्याची घरघर. गटारात उतरलेला सोबती परत आला नाही, हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता आणि नेमकं तेच वाक्य घरघरीत बुडालं होतं. ती पुन्हा गेली. त्यांनी पुन्हा सांगितलं, शब्दही जवळपास तेच. पण दुसऱ्यांदा माणूस माहिती सांगतो. पहिल्यांदा तो आठवत असतो. ते वाक्य आम्हाला शेवटी पडद्यावर अक्षरांत लिहावं लागलं.

म्हणून रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी इयरफोन कानात हवेत. पंखा विचारून बंद कर, फोन एअरप्लेन मोडवर टाक. लेपल माइक, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, हनुवटीच्या खाली वीतभर लाव, ओढणीला किंवा साखळीला घासणार नाही असा. मुलाखत संपल्यावर कुणीही न बोलता त्या खोलीचा नुसता आवाज वीस-तीस सेकंद घे. एडिट करताना दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजते.

चित्राचं म्हणशील तर एक जुना सराव देते. सायकलचं पंक्चर काढणारा माणूस घे. आधी त्याचे हात, ट्यूब पाण्यात दाबणारे, बुडबुडे शोधणारे. मग चेहरा. मग थोडं मागे जाऊन माणूस आणि सायकल एकत्र. मग त्याच्या खांद्यावरून, त्याला दिसतं तसं. आणि शेवटी कुणाला सुचणार नाही असा एक कोन. प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता धर. मुलं तीन सेकंदांत कॅमेरा फिरवतात आणि मग एडिटिंगच्या टाइमलाइनवर कापायला काही उरत नाही. हे पाच शॉट हातात बसले की मुलाखतीतला जोड झाकायला कटअवे, म्हणजे मध्ये टाकायचं दुसरं दृश्य, कुठून आणू, हा प्रश्न पडणार नाही.

प्रश्न : मी पत्रकारिता शिकवतो. विद्यार्थी चाळीस, कॅमेरे दोन. मल्टिमीडियाचा सराव कसा घ्यावा?
– एक प्राध्यापक

उत्तर : कॅमेरे कपाटात राहू द्या. मुलांच्या हातातले फोन या कामाला पुरेसे आहेत. मी एकच घटना देते आणि तिच्यावर तीन गोष्टी मागते : तीनशे शब्दांची बातमी, एक मिनिटाचा ऑडिओ आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ. अट अशी की तिन्हींत तोच मजकूर चालणार नाही. पहिल्या खेपेला सगळे लिहिलेली बातमीच माइकपुढे वाचून दाखवतात. अर्थसंकल्पातले पाच आकडे कानाने कुणाच्या लक्षात राहणार? आकडे लिखाणात किंवा तक्त्यात जातात, थरथरता आवाज ऑडिओत आणि हालचाल व्हिडिओत. कुठली गोष्ट कुठे जाईल हे शूटला निघण्याआधी वहीत लिहून घ्या. माझ्या मते खरं प्रशिक्षण या एका पानात आहे. सॉफ्टवेअर मुलं आपापसांत शिकतात.

गुण देताना एक नियम मी कधीच सैल करत नाही. नाव चुकलं की माध्यम कुठलंही असो, निम्मे गुण गेले. पडद्यावरच्या पट्टीतलं नाव सर्वांत जास्त चुकतं, कारण ते सगळ्यात शेवटी घाईने टाइप होतं. मुलाखत संपण्याआधी समोरच्याला स्वतःचं नाव आणि हुद्दा कॅमेऱ्यावर सांगायला लावा.

आणि आलेलं फुटेज तपासण्याचा तास वेगळा ठेवू नका, तो रोजचाच असू द्या. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोतून तो कधी, कुठे काढला ही माहिती सहसा गळून जाते, म्हणून पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल मागायची. रिव्हर्स इमेज सर्च करायचा, म्हणजे तोच फोटो आधी कुठे आलाय का ते इंटरनेटवर शोधायचं, पाट्या वाचायच्या, सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात ते बघायचं आणि काढणाऱ्याशी फोनवर बोलायचं. अमेरिकेत पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने झालेला जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू २०२० मध्ये जगापुढे आला तो डार्नेला फ्रेझर या १७ वर्षांच्या मुलीने फोन स्थिर धरून ठेवल्यामुळे. पुढच्या वर्षी पत्रकारितेचे नामांकित पुरस्कार देणाऱ्या पुलित्झर मंडळाने तिचा विशेष सन्मान केला. बाहेरून येणाऱ्या फुटेजला हलकं समजू नये, यासाठी मी हे उदाहरण दर वर्षी वर्गात सांगते.

प्रश्न : पीटीसी (घटनास्थळी कॅमेऱ्याकडे बघून बोलायचा मजकूर) पाठ करून जातो आणि लाल दिवा लागला की सगळं विसरतो. उपाय?
– एक प्रशिक्षणार्थी

उत्तर : पाठ करू नकोस. तीन मुद्दे तळहातावर मावतील एवढे लिही आणि फक्त शेवटचं वाक्य ठरवून ठेव, म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल. सुरुवात तुझ्यामागे जे दिसतंय त्यापासून कर. "या दाराला तीन दिवसांपासून कुलूप आहे," एवढं म्हणून कुलपाकडे वळून बघितलंस की पुढचं वाक्य आपोआप येतं.