शहापूरच्या जुन्या कौलारू घरात झोपेला मदत करणारी लाइट कशी बसवावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी: घर बेळगावच्या शहापुरात, लांबट, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. मधल्या खोलीत भर दुपारी लाइट लावावी लागते. सत्तरीचे वडील रात्री आठलाच पेंगतात आणि पहाटे तीनला टक्क जागे. मुलगी पीयूसी सेकंडला (म्हणजे बारावीला), रात्री एकपर्यंत अभ्यास आणि सकाळी उठता उठत नाही. भाऊ उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत, अधूनमधून नाइट शिफ्ट. दुकानदार सांगतो, घरभर थ्री-इन-वन पॅनल (एकाच दिव्यात पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत तीन रंग) लावा आणि संध्याकाळी पिवळं करा.

तसं सरसकट करू नका. संध्याकाळी लवकर घर मंद पिवळं केलं तर मुलीचं भलं होईल, पण वडील आठऐवजी साडेसातला पेंगतील. लाइट घराला नाही, माणसाला लावायची असते. तो कुठे बसतो आणि कितीला झोपतो हे आधी बघायचं.

कारण समजलं की पुढचं सोपं जातं. डोळ्याच्या पडद्यात दिसण्यासाठीच्या पेशींशिवाय आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, ज्या थेट मेंदूतल्या घड्याळाला दिवस-रात्रीची खबर देतात. डेव्हिड बर्सन यांच्या गटाने 2002 साली त्या उंदरात दाखवून दिल्या. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन हे द्रव्य 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. म्हणून दोन गोष्टी मोजाव्या लागतात: उजेडात निळा अंश किती, आणि तो डोळ्यात किती शिरतो. फरशीवर किती पडतो याला इथे किंमत नाही. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप. या कामासाठी मेलॅनोपिक लक्स वापरतात, म्हणजे त्यातला या पेशींना जाणवणारा उजेड. 2022 साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलेले आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: दिवसा डोळ्यापाशी किमान 250, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त 10, झोपेत जास्तीत जास्त 1.

साध्या लक्सवरून हे काढायला बल्बचा रंग बघायचा. तो केल्विनमध्ये सांगतात: आकडा मोठा तितका उजेड पांढरा-निळसर, लहान तितका पिवळा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीचे साधे लक्स ढोबळमानाने 0.9 ने गुणा, 4000 ला 0.6 ने, 2700 च्या पिवळ्याला 0.4 ने. मोबाइलवरचं लक्स मीटर अंदाजापुरतं चालतं, फक्त धरायचं नीट: बहुतेक अँड्रॉइड फोनचा सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो, तेव्हा फोन डोळ्याच्या उंचीवर धरून स्क्रीन आपण बघतो त्या दिशेला वळवा. टेबलावर आडवा ठेवून घेतलेला आकडा इथे काही कामाचा नाही.

आता मधली खोली. ती 10 बाय 12 फुटांची धरू. छताला 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब लावल्या की खोली उजळ वाटते, पण बसलेल्या माणसाच्या डोळ्यापाशी जेमतेम 100 लक्स येतात. सगळी खोली 250 च्या वर न्यायची तर पाच-सहा ट्यूब लागतील, आणि त्या खोलीत कुणालाही बसवणार नाही. त्यापेक्षा एक कोपरा दिवसाचा करा. 20 वॅटच्या, 6500 केल्विनच्या दोन ट्यूब छताला न लावता भिंतीवर, जमिनीपासून साडेपाच ते सहा फुटांवर, एकाखाली एक आडव्या लावा. वडिलांची खुर्ची तिथून चार-साडेचार फुटांवर, तोंड ट्यूबच्या थोडं बाजूला, म्हणजे ट्यूब नजरेच्या कडेला राहील. दुधी आवरणाचीच ट्यूब घ्या. पारदर्शक आवरणातले एलईडीचे ठिपके डोळ्याला टोचतात. असं केल्यावर डोळ्यापाशी 300 लक्सच्या आसपास मिळायला हवेत. कमी भरले तर खुर्ची अर्धा फूट पुढे घ्या. भिंत पांढरी असू द्या. हिरव्या-निळ्या डिस्टेंपरची असेल तर ती बराचसा उजेड गिळते. नव्या ट्यूबवर खर्च करण्याआधी चुना किंवा पांढरा रंग मारून बघा.

पंखा विसरू नका. लाइट पंख्याच्या पात्यांच्या वर असली की पाती उजेड कापत राहतात आणि भिंतीवर सावल्या थरथरतात. डोकं दुखण्याचं हे कारण पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही. भिंतीवरची ट्यूब पात्यांच्या खाली येते, हा आणखी एक फायदा.

कौलं आहेत म्हणजे तुमच्याकडे सिमेंटच्या घरांना न मिळणारी सोय आहे: काचेची कौलं. उत्तरेकडच्या उतारावर चार बसवा. ऐन पावसाळ्यात ढगाळ दुपारीही एका काचेच्या कौलातून 5 ते 9 वॅटच्या एलईडी बल्बाइतका उजेड येतो, तोही निळा अंश भरपूर असलेला. उत्तरेच्या उतारावर वर्षाचा बराच काळ ऊन तिरपं पडतं, म्हणून खोली दक्षिणेच्या उतारापेक्षा कमी तापते. आपल्याकडच्या पावसात काचेवर शेवाळ धरतं. मिरगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा घासून घ्या. सांध्यातून गळायला लागलं तर कौल बहुतेक सरकलेलं असतं. खाली माळ्याची फळी असेल तर तेवढा चौकोन उघडा ठेवावा लागेल.

वडिलांचं वेळापत्रक. त्यांचं घड्याळ पुढे गेलेलं आहे, ते मागे ओढायचं आहे. संध्याकाळचा भरपूर उजेड घड्याळ मागे ओढतो, पहाटे जाग आल्यानंतरचा आणखी पुढे ढकलतो. म्हणजे पहाटे तीनला उठून देवघरातली ट्यूब लावून पूजेला बसणं हे त्यांच्या तक्रारीला रोज खतपाणी घालतं. पूजा करू द्या, पण निरांजनाच्या किंवा समईच्या उजेडात, ट्यूब सहानंतर. पहाटेची फेरी साडेआठ-नऊनंतर ढकला. संध्याकाळी साडेचार ते सहा घराबाहेर, शिवाजी उद्यानात किंवा नुसतं दारातल्या कट्ट्यावर. बाहेर ढग असले तरी उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट असतो. मग सहा ते आठ त्या दोन ट्यूबसमोर: पेपर, टीव्ही, जेवण, काहीही. सत्तरीत डोळ्याचं भिंग पिवळं झालेलं असतं, निळा उजेड तरुणापेक्षा बराच कमी आत जातो, म्हणून त्यांना इतका उजेड लागतो. खुर्चीत डोळे मिटले तर सगळं वाया, तेव्हा त्या वेळी कुणीतरी त्यांच्याशी बोलत बसावं. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत.

आठला त्या ट्यूब बंद. मुलीला अकराला झोपवायचं ध्येय ठेवलंत तर तिचे शेवटचे तीन तास बरोबर तिथूनच सुरू होतात, दोघांचं एकमेकांत अडकत नाही. आठनंतर मधल्या खोलीत 2700 केल्विनचा 5 वॅटचा एक बल्ब पुरे, तोही उघडा नको. भिंतीकडे तोंड करून किंवा डोळ्याच्या पातळीच्या खाली. 10 मेलॅनोपिक म्हणजे या रंगात डोळ्यापाशी साधारण 25 लक्स. अभ्यासाला मात्र वहीवर 300 लक्स हवेतच, त्यात काटकसर नको. खोल टोपीचा टेबललॅम्प, 2700 किंवा 3000 चा बल्ब, टोपीची कड तिच्या डोळ्याच्या खाली: वही झगझगीत आणि डोळ्यात फक्त कागदावरून परतलेला उजेड, 20-30 लक्स. मोबाइलचा नाइट मोड लावून ब्राइटनेस पूर्ण ठेवला तर फारसं साधत नाही. ब्राइटनेस उतरवणं जास्त उपयोगी. सकाळी उठल्या उठल्या तिला अर्धा तास गच्चीवर किंवा कट्ट्यावर पाठवा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्या दिवसांत त्याआधी उठवून या बाबतीत काही पदरात पडत नाही.

स्वयंपाकघर आणि जिना यांना हे मंद उजेडाचे नियम लावू नका. विळी, गॅस आणि वडिलांचा पाय, तिन्हीला नीट दिसायला हवं.

रात्री बाथरूमच्या वाटेवर 0.5 वॅटचा लालसर किंवा केशरी नाइट लॅम्प, जमिनीपासून फूटभर. निळा किंवा हिरवा झिरो बल्ब असेल तर काढा. गल्लीतला पांढरा दिवा खिडकीतून बिछान्यावर येत असेल तर जाड पडदा, आणि तो कडेने चार बोटं जास्त रुंद शिवून घ्या, कारण गळती कडेनेच होते.

थ्री-इन-वन पॅनलला माझा विरोध एका साध्या कारणाने आहे. त्याचा रंग बटण बंद-चालू करून बदलतो. आपल्याकडे पावसाळ्यात करंट क्षणभर जाऊन येतो, आणि रात्री दहाला पिवळं केलेलं पॅनल झक्क पांढरं होऊन परत येतं. स्मार्ट बल्बचंही तेच. घेतलात तर अ‍ॅपमध्ये करंट आल्यावर शेवटची स्थिती राहील असं सेटिंग करा. त्यापेक्षा वायरमनला तीन वेगळी बटणं काढायला सांगा: दिवसाच्या ट्यूब, संध्याकाळचा बल्ब, रात्रीचा लॅम्प. इन्व्हर्टरच्या लाइनवर मात्र संध्याकाळचाच बल्ब टाका. बहुतेक घरांत तिथे 6500 चा पांढरा असतो आणि करंट गेला की सगळं घर दुपारसारखं होतं.

साधा एलईडी बल्ब पंख्याच्या रेग्युलेटरवर किंवा जुन्या डिमरवर चालवू नका. तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर मरतो. विकत घेताना दुकानातच फोनच्या स्लो मोशनमध्ये बल्ब बघा. काळे पट्टे ठळक सरकताना दिसले तर तो सेकंदाला 100 वेळा जोरात लुकलुकतो आहे, परत द्या. बॉक्सवर केल्विन लिहिलेलं नसेल, नुसतं वॉर्म असेल, तर पेटवून 2700 च्या शेजारी धरून बघा. आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 80 च्या खाली नको, 90 मिळालं तर उत्तम.

भावासाठी नाइट शिफ्टच्या दिवसांत सगळं उलटं: कामावर जाण्याआधी त्याच ट्यूबसमोर तासभर, आणि सकाळी घरी आल्यावर थेट अंधाऱ्या खोलीत. काळा गॉगल उजेड अडवतो हे खरं, पण पेंगत दुचाकी चालवत येणाऱ्याने तो घालू नये.

हे तीन आठवडे रोज पाळा आणि वडिलांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा कॅलेंडरवर लिहा. त्यांना डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, बायपोलरचा त्रास असेल किंवा उन्हाने त्वचेवर परिणाम करणारी औषधं चालू असतील, तर ट्यूबसमोर बसवण्याआधी डॉक्टरांना विचारा. रात्री घोरताना श्वास अडकत असेल किंवा लघवीला तीन-चार वेळा उठावं लागत असेल तर त्याचा इलाज लाइटमध्ये नाही, तो आधी तपासून घ्या.