हजेरीपटातला चातुर्मास

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आपल्या नाशिकच्या कॉन्सर्ट बँडच्या, म्हणजे एका जागी बसून कार्यक्रम करणाऱ्या बँडच्या, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहास लिहिण्याचे काम समितीने तुझ्यावर सोपवले. पण स्थापनेची दोन वेगवेगळी वर्षे सापडतात, ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत आणि लग्नाच्या बँडमधून आलेल्या वादकांचा उल्लेख ‘अनेकांचे सहकार्य लाभले’ एवढ्यावरच आटोपावा असे तुला सुचवण्यात आले आहे. तू गोंधळलीस यात नवल नाही. मात्र कोणाचेही मन दुखावणार नाही असा मधला मजकूर लिहिण्याचा जो मार्ग तू सुचवतेस, तो मला मुळीच मान्य नाही, हे आधीच सांगून टाकतो. बँडचा इतिहास म्हणजे त्यात ज्यांनी वाजवले त्यांचा इतिहास. वाजवणाऱ्यांची नावे आधी लिही. अध्यक्ष, उद्‍घाटक, देणगीदार आणि हारतुरे यांना नंतर जागा उरली तर पाहू.

वर्षाचा वाद त्यामानाने लहान आहे. एक वर्ष संस्थेच्या पहिल्या सभेचे आहे आणि दुसरे पहिल्या जाहीर वादनाचे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ॲलनटाउन शहराचा नागरी बँड त्या देशातला सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो, आणि तो १८२८ हे वर्ष सांगतो ते त्या वर्षीच्या ४ जुलैला झालेल्या वादनाची नोंद आहे म्हणून. सभा तर कोणीही भरवू शकतो. वीस माणसे आपापली वाद्ये घेऊन एका सुरात बसली, तो दिवस बँडचा जन्मदिवस. तरीही दोन्ही वर्षे छाप, प्रत्येकाखाली पुरावा दे, आणि महोत्सव कोणत्या वर्षी करायचा याचा घोळ समितीला घालू दे.

‘आपला बँड इंग्रजांच्या काळातला’ हे वाक्य मात्र खोडून टाक. त्या समजुतीचे मूळ कपाटातल्या जुन्या क्लॅरिनेटमध्ये आहे. तो क्लॅरिनेट खरोखरच जुना असावा, कारण तो आजच्या सुरात बसतच नाही. ब्रिटिश लष्करी बँडचा सूर १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत उंच होता. आज ज्या स्वराची कंपने सेकंदाला ४४० धरतात, तो स्वर त्यांच्याकडे सुमारे ४५२वर असे. एवढा फरक तोंडाने किंवा बॅरल (मुखाजवळचा सांधा) ओढून पुरता भरून निघत नाही. याउलट आपल्या युफोनियमवर, म्हणजे त्या मोठ्या पितळी वाद्यावर, ‘बूझी अँड हॉक्स’ असा जोडनावाचा शिक्का आहे आणि त्या दोन कंपन्या एकत्र आल्या १९३०मध्ये, म्हणजे ते वाद्य त्याआधीचे असूच शकत नाही. बाकीची बरीच पितळी वाद्ये मेरठची आहेत. देशभरातल्या बँडवाल्यांना तिथल्या कारखान्यांनी वाद्ये पुरवली, आणि नादिर अली यांची पेढी तर १८८५पासूनची. या सगळ्यावरून वाद्यांचे वय कळते, बँडचे नव्हे. जुने वाद्य कोणालाही विकत घेता येते. ते आपल्याकडे कोणी वाजवले, हे विचार.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तू हजेरीपट पाहिलेस, पण घाईने पाहिलेस असे वाटते. लग्नाच्या बँडमधले वादक ‘अनियमित’ होते, असे तुला सांगण्यात आले आणि तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत त्यांच्या नावांपुढे फुल्या दिसल्यामुळे तू ते मान्य केलेस. अगं, लग्नसराईत ते वराती सोडून तालमीला येतील कसे? त्यांची वर्षभराची कमाई त्याच महिन्यांत होत असे. तेच हजेरीपट आषाढापासून पुढे वाच. चातुर्मास लागला, मुहूर्त संपले की गणपतीचे दिवस वगळता ही माणसे प्रत्येक तालमीला हजर आहेत, आणि नोकरदार मंडळी मात्र पावसाचे, कामाच्या पाळीचे, मुलांच्या परीक्षांचे कारण सांगून गैरहजर आहेत. आपला सर्वांत मोठा कार्यक्रम पंधरा ऑगस्टचा असायचा. त्याची तयारी भर पावसाळ्यात कोणाच्या जिवावर झाली, याचे उत्तर त्या रकान्यांत लिहून ठेवलेले आहे. एका चातुर्मासाच्या हजेरीचे पान जसेच्या तसे छापलेस, तर समितीच्या दहा पानी मनोगतांपेक्षा ते अधिक बोलेल.

यात निवृत्त लष्करी बँडमास्तरांचे श्रेय कमी होते असे कोणी म्हणेल, तर ते खोटे आहे. देवळालीची छावणी आणि १९०९पासून नाशिकमध्ये असलेली पोलीस प्रशिक्षणाची संस्था यांमुळे या शहराला शिस्तीच्या वादनाची ओळख फार पूर्वीपासून होती, आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला आपल्याला मास्तरांनीच शिकवले. परंतु ते शिकवत होते तेव्हा समोर शिकणारे कोण होते? भद्रकालीतले, पंचवटीतले, कानाने चाली बसवणारे वादक. क्लॅरिनेटचा सा पेटीच्या काळी पाचला बोलतो, आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनला, हॉर्नचा पांढरी चारला. त्यामुळे एकच चाल प्रत्येक वाद्यासाठी वेगळी लिहावी लागते. छापील पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे सुटे कागद, परवडत नसताना ही उतरवणी रात्री जागून कोणी केली, ते कागदांवरच्या अक्षरांवरून ओळखता येते. शिवाय जुन्या मार्चचा, म्हणजे संचलनाच्या चालीचा, पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र दाखवणारा कागद) बहुधा नसेच, बँडमास्तर कॉर्नेटच्या (ट्रम्पेटसारख्या वाद्याच्या) किंवा संक्षिप्त पार्टवरून भागवत. म्हणून आपली काही गाणी आज फक्त त्या सुट्या, डागाळलेल्या पार्टांमध्येच शिल्लक आहेत. तिसऱ्या क्लॅरिनेटचा कागद हरवला, तर त्या गाण्याचा तेवढा भाग कायमचा गेला.

‘कॉन्सर्ट बँड आणि वरातीचा बँड यांची सरमिसळ नको’ हे वाक्य तू कोणाचे म्हणून लिहिलेस ते मी ओळखले. गुस्ताव होल्स्टने १९०९मध्ये लष्करी बँडसाठी स्वतंत्र सुईट (अनेक भागांची रचना) लिहिला आणि पुढे या वाद्यमेळाला मोठ्या संगीतकारांकडून स्वतःचे साहित्य मिळत गेले, हे खरे आहे. त्या साहित्याचा मलाही अभिमान आहे. पण १८९२मध्ये स्वतःचा बँड उभारणारा जॉन फिलिप सूझा एकाच कार्यक्रमात ऑपेराची ओव्हर्चर (सुरुवातीची वाद्यरचना) आणि लोकांच्या तोंडी असलेली गाणी वाजवत असे, आणि त्याच्या एवढ्या दिगंत कीर्तीखालीसुद्धा ट्रॉम्बोनवाला आर्थर प्रायर आणि कॉर्नेटवाला हर्बर्ट क्लार्क यांची नावे झाकली गेली नाहीत. मग आमच्या ट्रॉम्बोनवाल्याचे नाव छापायला लाज कसली वाटते? तो वरातीत घोड्यापुढे चालत असे म्हणून?

कागद माझ्या घरी आहेत यावरूनही तुला काही ऐकवण्यात आले असेल. आपल्या पहिल्या काही वर्षांचे हजेरीपट एका पदाधिकाऱ्यांनी कपाट रिकामे करताना रद्दीत घातले. त्यांत ज्यांची नावे होती, त्यांतल्या कित्येकांच्या घरी आज वाद्यही नाही आणि फोटोही नाही, आणि ही हळहळ मला अजून सोडत नाही. उरलेल्या पेट्या मी त्यानंतर उचलून आणल्या. परवानगी मागितली नाही, कारण ती मिळाली नसती. पावसाळ्यात त्यांना कडुनिंबाचा पाला घातला, वाळवी लागू दिली नाही, आणि जो वाचायला आला त्याला वाचू दिले, पण घरी नेऊ दिले नाही. याला कोणी हेकेखोरपणा म्हणत असेल तर म्हणो. त्या पेट्या आज नसत्या, तर तुझ्यापुढे गोंधळसुद्धा नसता, कारण गोंधळ व्हायला दोन पुरावे लागतात.

तुझे वादन चांगले आहे आणि लिहिणे त्याहून चांगले, म्हणूनच मी इतका चिडून लिहितो आहे. रविवारी सकाळी ये. पार्टांचे फोटो दोन्ही बाजूंनी काढ, कारण मागच्या बाजूला पेन्सिलीने बिदागीचे हिशेब आणि बदली वादकांची नावे असतात. कागदांना चिकटपट्टी लावू नकोस आणि लॅमिनेशनचा विचारही करू नकोस. ज्या नावाला आडनाव मिळत नाही, ते नुसत्या नावानिशी छाप, पण छाप. त्यानंतर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, जाऊन जुनी वर्तमानपत्रे मागून बघ. तिथे बहुतेक पाहुण्यांचीच नावे सापडतील, पण तारखा पडताळायला त्यांचा उपयोग होईल.

समितीची बैठक सोमवारी आहे असे लिहितेस, तेव्हा यादी पुरी करूनच जा. पाने कमी पडतात असे अध्यक्ष म्हणाले, तर उद्‍घाटनांच्या छायाचित्रांसाठी राखलेली पाने मागून घे. तीही नाही मिळाली, तर त्या यादीच्या छपाईचा खर्च मी करीन, असे माझे नाव घेऊन सांग. मात्र तिसऱ्या क्लॅरिनेटपासून झांजवाल्यापर्यंत एकही नाव त्यातून गाळू देऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.