ओळखल्याचं नाटक आता पुरे

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात २७ मुलं आहेत. लहानपणापासून मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. आवाज कानावर पडला की लगेच कळतं, पण कोणी नुसतं हसून समोर उभं राहिलं की गोंधळ उडतो. मग मीही हसते, ‘घरचीं सगळीं बरीं मू?’ असं विचारते आणि वेळ मारून नेते. गेल्या महिन्यात एका मुलाचे गुण मी दुसऱ्याच मुलाच्या आईला सांगून बसले. गणेश चवथीला नवऱ्याच्या मूळ घरी साठेक माणसं जमतात. चुलत दिराने दाढी काढली होती, तर मी त्यालाच ‘आपण कुठले?’ विचारलं. सासरी माझं नाव ‘शिष्ट’ पडलंय. डोळे तपासून घेतले, नंबर नाही. माझे बाबाही रस्त्यात कोणाला ओळख देत नाहीत. मला स्मृतिभ्रंश होतोय का? नवऱ्याला सांगू का? नोकरी सोडू का?

उत्तर: ताई, नोकरी सोडायची नाही. नवऱ्याला सांगायचं, या आठवड्यातच. आणि स्मृतिभ्रंश तर नाहीच. सत्तावीस मुलांची नावं, कोणाची वही अपुरी आहे, कोणाची आजी आजारी आहे, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ असणार. स्मृती शाबूत आहे. अडतं ते एकाच उंबऱ्यावर.

चेहरे ओळखता न येण्याला वैद्यकात प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. योआखिम बोडामर या जर्मन न्यूरॉलॉजिस्टने १९४७ साली हे नाव दिलं. त्यांचे रुग्ण मेंदूला इजा झालेले होते. तुमचा प्रकार जन्मापासूनचा आहे आणि तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. समोरच्याचे डोळे, नाक, ओठ तुम्हाला स्वच्छ दिसतात, तो हसतोय की चिडलाय हेही कळतं. पण हे सगळं एकत्र जोडून ‘हा अमका’ असा ठसा उमटवण्याचं काम मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, विशेषतः उजव्या बाजूला चालतं. तिथे तो ठसा नीट उमटत नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. साधारण पन्नासात एक माणूस असा असतो असा अंदाज सांगतात, निकष कडक लावले तर शंभरात एक. हा दुसरा, कमीचा आकडा धरला तरी २०११च्या जनगणनेतल्या साडेचौदा लाख गोंयकारांत साडेचौदा हजार होतात. त्यातले बहुतेक गावात ‘शिष्ट’ म्हणूनच वावरत असणार.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, तुमच्यासाठी नव्हे, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. आयुष्यभर चेहरे ओळखणाऱ्या माणसाला ते अचानक ओळखता येईनासे झाले, सोबत नजरेचा एखादा कोपरा दिसेना, रंग फिकटले किंवा रोजची वाट चुकू लागली, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे सल्ला स्तंभ वाचत बसू नये. १०८ फिरवून सरळ बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ गाठावं.

तुम्हाला रीतसर तपासून घ्यायचं असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडून न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे जावं. केंब्रिज फेस मेमरी टेस्ट नावाची चाचणी यासाठी वापरतात. सहा चेहरे शिकवतात आणि मग दर वेळी तिघांतून एक ओळखायला लावतात, असे ७२ प्रश्न. इंटरनेटवर ती स्वतः करून पाहिलीत तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डोळे मिटून बटणं दाबली तरी ७२पैकी साधारण २४ उत्तरं बरोबर येतात, तेव्हा २४ म्हणजे शून्यच समजायचं. आणि मूळ चाचणीतले चेहरे गोऱ्या युरोपीय वळणाच्या तरुण पुरुषांचे आहेत. आपल्याकडच्या कोणालाही ते थोडे जड जातात, तेव्हा नवऱ्यालाही तीच चाचणी करायला लावा आणि दोघांचे गुण शेजारी ठेवा. औषध यावर नाही. बदाम, ब्राह्मी, स्मरणशक्तीचं टॉनिक यांवर पैसे घालवू नका. चेहरे ओळखण्याचा सराव देऊन थोडा फरक पडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, पण तो फार काळ टिकेलच असं नाही.

नवऱ्याला नुसतं सांगून पटणार नाही, दाखवावं लागेल. त्यांना फोनमधले नातेवाइकांचे वीस फोटो निवडू द्या. प्रत्येक फोटो भुवयांपासून हनुवटीपर्यंत कापायचा, म्हणजे केस, कान, कपडे, मागची भिंत काही दिसता कामा नये. फोटो तुम्ही आधी न पाहिलेले हवेत. इथेच लोक चुकतात. लग्नाचा अल्बम घेतात, आणि तुम्ही सगळे ओळखता, कारण तुम्हाला तो फोटोच पाठ असतो, चेहरा नव्हे. चक क्लोज हा अमेरिकन चित्रकार तुमच्यासारखाच होता आणि आयुष्यभर माणसांचे भिंतीएवढे चेहरे रंगवत राहिला. सपाट चित्रातला चेहरा त्याच्या लक्षात राहायचा, हलणारा नाही.

आता शाळा. गणवेश हाच तुमचा शत्रू. बाजारात माणूस कपड्यांवरून तरी सापडतो, इथे सत्तावीसही जण एकाच रंगात. जागा ठरवून द्या आणि आसनांचा नकाशा टेबलाच्या काचेखाली ठेवा. प्रत्येक मुलामागे तीन खुणा वहीत लिहा, त्यातल्या निदान दोन अंगावेगळ्या न होणाऱ्या असाव्यात. कानाची ठेवण, भुवईतला व्रण, चालताना आत वळणारं पाऊल, घोगरा आवाज. रिबन, चष्मा, दप्तर, पाण्याची बाटली यांवर विसंबू नका. चवथीच्या आदल्या आठवड्यात निम्मा वर्ग केस कापून येतो, आणि पावसाळ्यात रेनकोटच्या टोपीखाली सगळीच सारखी. तिसरीत दातांवरही विसंबू नका, आज पडका दिसतो तिथे दोन महिन्यांनी नवा आलेला असतो.

हजेरीला ‘हजर बाई’ एवढ्यावर सोडू नका. पहिले पंधरा दिवस प्रत्येकाने एक पूर्ण वाक्य बोलायचं, सकाळी काय खाल्लं ते. पोदेराकडचा उंडो पाव की भाकरी, हे ऐकता ऐकता आवाज कानात बसतो, आणि कान तुमचा पक्का आहे हे तुम्हीच लिहिलंय. वर्गाबाहेर बाईंशी बोलताना आधी स्वतःचं नाव सांगायचं, असा नियम सगळ्यांनाच लावा. आणि सरळ मुलांनाच सांगून टाका की बाईंना चेहरे ओळखता येत नाहीत, आवाज येतात. आठ वर्षांचं मूल यावर हसत नाही, मदतीला धावतं.

शाळा सुटतानाची वेळ मात्र गंमत नाही. मूल कोणाच्याही स्वाधीन करताना तुमच्या नजरेचा भरवसा धरायचा नाही, एकदाही नाही. ‘तुम्ही अमक्याचे बाबा ना?’ हा प्रश्न कधीच विचारू नका, परका माणूसही ‘हो’ म्हणेल. ‘कोणाला न्यायला आलात?’ असं विचारा. नाव त्याच्या तोंडून येऊ द्या. मग मुलाला जवळ बोलावून विचारा, ‘कोण आलंय रे तुला न्यायला?’ ही दोन्ही उत्तरं नोंदवहीतल्या पालकाच्या नावाशी जुळली तरच मुलाचा हात सोडा. मूल बुजलं, किंवा माणूस यादीत नसला, तर नोंदवहीतल्याच नंबरवर फोन करा, समोरच्याने दिलेल्या नंबरवर नव्हे. पावसात गर्दी उसळते, मागून गाड्यांचे हॉर्न वाजतात आणि सगळ्यांना घाई असते, नेमकं तेव्हाच हे गळतं. म्हणून फाटकावर दुसरं कोणीतरी सोबत हवं, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना सांगावंच लागेल. सासरी कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते तुम्ही ठरवा. मुख्याध्यापकांच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला ती मुभा देणार नाही.

गुणांचा घोळ आवरायला सोपा आहे. पालकसभेत प्रत्येकाला वेळ नेमून द्या, मुलाची वही सोबत आणायला सांगा, आणि ती टेबलावर येईपर्यंत हवापाण्याचंच बोला. वहीवरचं नाव वाचल्याशिवाय गुण उच्चारायचे नाहीत.

आता तुमचं ते हसणं आणि ‘घरचीं सगळीं बरीं मू?’. वाक्य गोड आहे, गोव्यात कुठेही खपतं, पण ते तुम्हाला आणखी खोल पाण्यात नेतं. ओळख असल्यासारखं पाच मिनिटं बोललात आणि मग पितळ उघडं पडलं, तर समोरच्याला दोनदा लागतं. एकदा ओळखलं नाही म्हणून, आणि एकदा फसवलं म्हणून. सासरचे कदाचित या दुसऱ्याच कारणासाठी रागावले असतील. म्हणून पहिल्या दोन-तीन सेकंदांतच बोलायचं: ‘मला चेहरे लक्षात राहत नाहीत, लहानपणापासून. आवाजावरून ओळखते. कोण तुम्ही?’ बस. लांबलचक माफी नको. वैद्यकीय नाव आधी सांगू नका, बोलणं आजारावर घसरतं. ‘मी विसरभोळी आहे’ म्हणू नका, कारण पुढच्या क्षणी तुम्ही त्यांच्या मुलीच्या बारशाची तारीख सांगाल आणि खोट्या ठराल. ‘डोळे अधू आहेत’ही नको, लोक चष्म्याचं दुकान सुचवतील. हीच तीन वाक्यं आरशासमोर दहा-बारा वेळा मोठ्याने म्हणून पाहा. ऐनवेळी जीभ अडखळते ती शब्द न सापडल्यामुळे.

चवथीचं गणित वेगळं आहे. साठ जणांच्या मागे लागू नका. ज्यांच्याशी नेहमीचा संबंध येतो असे दहा-बारा काढा आणि आधीच्या आठवड्यात त्यांना काहीतरी निमित्त काढून फोन करा, माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या आरासीला) काय आणायचं हेच विचारा. आवाज ताजा राहतो. नवऱ्याशी एकच करार करा: आलेल्या माणसाला आधी त्यांनी, मोठ्याने, नात्याचं नाव घेऊन हाक मारायची. ‘या काकी, केपेंहून कधी निघाला?’ एवढ्यात तुम्हाला नातं आणि गाव दोन्ही मिळतं. कानात कुजबुजायचं नाही, ते दिसतं आणि वाईट दिसतं. पण घुमट वाजायला लागलं, आरती रंगली की नवरा हा करार विसरणार, हे गृहीत धरा. त्या वेळेपुरती एखादी समजूतदार जाऊबाई हाताशी ठेवा.

सकाळी आल्या आल्या ओळख पटली की त्या माणसाचे कपडे मनात टिपा: मोरपिशी साडी म्हणजे मावशी, पांढरा लेंगा म्हणजे थोरले दीर. दिवसभर ही खूण चालते. एक खड्डा आहे. दुपारच्या जेवणानंतर बायका जड साड्या बदलून सुती नेसतात, आणि तुम्ही पुन्हा शून्यावर. आबोलीचे वळेसरही कामाचे नाहीत, ते सगळ्यांच्याच केसांत असतात. संध्याकाळी फिरत राहण्यापेक्षा स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा पानं वाढण्याच्या जागी एका ठिकाणी थांबा. फिरणाऱ्या माणसाला समोरच्याला ओळखावं लागतं, एका जागी असलेल्याकडे लोक येतात आणि स्वतःच आधी बोलतात.

सासूबाईंना कधी सांगायचं? भांडण सुरू असताना नक्कीच नको, तेव्हा ती सबब वाटते. चवथीच्या धावपळीआधी एखाद्या निवांत दुपारी, नवऱ्याला शेजारी बसवून, तसेच कापलेले नवे वीस फोटो हातात घेऊन सांगा. दाढी काढलेल्या दिराचा फोटो त्यात असू दे. ‘शिष्ट’ शब्दाची तक्रार तेव्हा काढू नका. फोटोंवरचा तुमचा गोंधळ बघून त्या स्वतःच काढतील.

आणि माहेरी जाल तेव्हा बाबांना एक विचारा. कदंबच्या बसमध्ये शेजारी बसलेला माणूस आपल्याच वाड्यावरचा आहे, हे त्यांना कशावरून कळतं? ‘तो बोलायला लागला की’ असं म्हणाले, तर तुमची तीन वाक्यं त्यांनाही शिकवून या.