इंग्रजी कच्चं नाही, ‘हॅव’ अडतंय

‘वाचलेलं सगळं कळतं हो, पण बोलायला तोंड उघडलं की फजिती. माझं इंग्रजीच कच्चं आहे.’ समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते. बोलणारी माणसं बहुधा इंग्रजीत ई-मेल लिहिणारी, अहवाल वाचणारी असतात. ‘सगळंच कच्चं’ इतकं ढोबळ निदान केलं की हाती फक्त शरम उरते, सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

नुकतीच बढती मिळालेल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र केले आहेत.) मीटिंगमध्ये बोलावं लागेल या धास्तीने आदल्या रात्री त्यांची झोप उडायची.

‘मॅडम, क्लास लावू का?’

‘लावा, पण आधी एक वही करा. जिथे अडलात ते वाक्य लिहायचं. डावीकडे मराठीत काय म्हणायचं होतं, उजवीकडे तोंडून काय गेलं. “घाबरले”, “लाज वाटली” हे लिहायचं नाही.’

त्या वही घेऊन आल्या. उजव्या बाजूला होतं : ‘आय ॲम हॅविंग टू क्वेश्चन्स.’ ‘माय सन इज फीवर.’ ‘डज ही हॅज द फाइल?’ आणि ज्यावरून त्यांना रडू आलं होतं ते, ‘यू डोन्ट हॅव टू सेंड इट.’ त्यांना सांगायचं होतं ‘पाठवू नका’, आणि सहकाऱ्याने ते पाठवून दिलं होतं.

‘या ओळींत सारखं काय दिसतं?’ मी विचारलं.

त्यांनी बोट फिरवत वाचलं, परत वाचलं. ‘सगळीकडे आहे-नाहीचीच वाक्यं आहेत. हॅव.’ मग जरा वेळाने, ‘म्हणजे बाकीचं मला येतं?’

या प्रश्नापाशी मी मुद्दाम घाई केली नाही. वहीतल्या त्यांच्याच अक्षरात उत्तर समोर होतं. छप्पर गळतंय म्हणून कुणी घर पाडत नाही, फुटकं कौल शोधतात. भीतीचंही तसंच करावं, असं माझं ठाम मत आहे. ‘आत्मविश्वास वाढवा’ या सल्ल्याने ती कमी झालेली मी फारशी पाहिलेली नाही. नेमकं वाक्य सापडलं की ती झपाट्याने उतरते.

आता हे क्रियापद का अडतं, ते पाहू. आपलं ‘आहे’ दोन कामं करतं. ‘मी घरी आहे’ आणि ‘माझ्याकडे वेळ आहे’, दोन्हीकडे तेच. इंग्रजी ही कामं वाटून देते. मी कोण, कशी, कुठे हे सांगायचं असेल तर ‘ॲम’. माझ्यापाशी किंवा माझ्या वाट्याला काय, हे सांगायचं असेल तर ‘हॅव’. माझ्याकडे गाडी आहे, मला दोन भाऊ आहेत, मला ताप आहे, घराला दोन दारं आहेत : मराठीत रचना वेगवेगळ्या, इंग्रजीत सगळीकडे हॅव किंवा हॅज. भूक, तहान आणि थंडी वाजणं मात्र ‘ॲम’कडे जातं. म्हणून ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजतेय, आणि ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झालीय.

‘आय ॲम हॅविंग’ येतं कुठून? मनातल्या ‘आहे’साठी ‘ॲम’ आधी बाहेर पडतं, मग हॅव आठवतं आणि दोन्ही एकत्र कोंबली जातात. जवळ असणं ही स्थिती आहे, तिला ‘इंग’ लागत नाही : ‘आय हॅव टू क्वेश्चन्स.’ जेवण, मीटिंग, गप्पा या चालू असलेल्या गोष्टी, तिथे ‘वी आर हॅविंग लंच’ अगदी बरोबर.

प्रश्न आणि नकार करताना ‘डज’ किंवा ‘डिड’ आलं की त्यानंतरचं क्रियापद मूळ रूपात जातं. ‘डज ही हॅव’, ‘शी डजन्ट हॅव’, ‘डिड यू हॅव’. हॅज आणि हॅड तिथे येत नाहीत.

सगळ्यात महागात पडतं ते ‘हॅव टू’. ‘मला जायचं आहे’ हे इच्छेपोटी की नाइलाजाने, हे मराठीत बोलण्याच्या ओघात कळतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. वाक्यात ‘लागतं’ घालून बघा. ‘मला जावं लागतं’ चपखल बसलं तर ‘आय हॅव टू गो’, नाहीतर ‘आय वॉन्ट टू गो’. ‘डोन्ट हॅव टू’चा अर्थ ‘गरज नाही, नाही केलंत तरी चालेल’. मनाई करायची असेल तर सरळ ‘प्लीज डोन्ट सेंड इट’.

बाईंना सराव दिला तो एवढाच : स्वतःच्या दिवसातली खरी पाच वाक्यं, प्रत्येकाचा प्रश्न आणि नकार, मोठ्याने, रोज दहा मिनिटं. मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही, कारण अडते ती जीभ. नंतर तीच वाक्यं एका विश्वासातल्या सहकाऱ्यापाशी. मग मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत एक ठरवलेलं वाक्य, ‘आय हॅव अ क्वेश्चन’. जितका वेळ गप्प बसाल तितकं पहिलं वाक्य जड होतं. ‘धीर आला की बोलेन’ म्हणणाऱ्यांना मी उलटं करायला सांगते, धीर बोलल्यावरच येतो. बाईंचा तो त्या ‘क्वेश्चन’नंतरच आला.

बोलता बोलता चूक झालीच तर वाक्य अर्धवट सोडू नका, ‘सॉरी, सॉरी’ही नको. वाक्य पूर्ण करा. अर्थ बदलत असेल तरच दुरुस्त तुकडा एकदा म्हणा आणि पुढे चला.

आणि वहीची डावी बाजूही कोरी राहत असेल, म्हणजे चारचौघांत मराठीतही शब्द फुटत नसेल, छाती धडधडत असेल, तर क्रियापदांच्या मागे लागू नका. ती अडचण भाषेची नाही, तिच्यासाठी समुपदेशकाकडे वेगळा वेळ घ्या.