वाचकांचे प्रश्न : स्मृतिघड्याळ बनवून घेताना

प्रश्न : शाळेच्या शताब्दीनिमित्त देणगीदारांना द्यायला 60 भिंतीवरची घड्याळं बनवून घ्यायची आहेत. एकाच सेलवर दहा वर्षं चालणारं घड्याळ मिळेल का? (कराड)

उत्तर : आधी हिशेब करू. तुमच्या घड्याळाचं मशीन (काटे फिरवणारा मागचा डबा) सरासरी 200 मायक्रोअँपिअर, म्हणजे 0.2 मिलिअँपिअर खातं असं धरा. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता साधारण 2,500 मिलिअँपिअर-तास. भागाकार 12,500 तास, म्हणजे जेमतेम सतरा महिने. टॉर्चचा मोठा अल्कलाइन सेल बसवला तर क्षमता 12,000 च्या पुढे जाते आणि कागदावर पावणेसात वर्षं निघतात. पण तेवढ्या काळात सेल आपणहूनही थोडाथोडा उतरतो, शिवाय म्हातारा अल्कलाइन सेल गळतो. पेन्सिल आकाराचा दीड व्होल्टचा लिथियम सेल सहसा गळत नाही, पण त्याची क्षमता 3,000 च्या आसपासच. त्यातून दोन वर्षंही पुरती निघत नाहीत. नवा असताना तो 1.7 ते 1.8 व्होल्ट देतो, तेव्हा तो वापरायचाच असेल तर नमुन्याच्या मशीनवर आधी चालवून पाहा.

मशीन किती खातं हे विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका. मोटरला सेकंदाला एकच झटका मिळतो, म्हणून मल्टिमीटरवर आकडा उड्या मारतो. मशीनच्या दोन टोकांना 4,700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा (प्लस-मायनस बघून), सेलच्या वाटेत 100 ओहमचा रेझिस्टर घाला आणि मिनिटभर थांबा. रेझिस्टरवर 20 मिलिव्होल्ट दिसले की सरासरी 200 मायक्रोअँपिअर. सेकंदकाटा टिकटिक न करता सरकत फिरणारी मशीनं सहसा जास्त खातात. हवीच असतील तर मोजून घ्या.

आमच्या मते दहा वर्षांच्या सेलचा हट्ट सोडावा. सेल दरवर्षी वर्धापनदिनी बदलावा, संपला नसला तरी. घड्याळ टिकतं ते मशीन बदलता येतं म्हणून, आणि भेटवस्तूच्या घड्याळांचं घोडं नेमकं इथेच अडतं. मशीन मागून बसतं, पण त्याला तबकडीशी आवळणारा नट पुढे, काट्यांखाली असतो. काच सिलिकॉनने चिकटवून टाकली की पाच वर्षांनी पन्नास-शंभर रुपयांच्या मशीनसाठी चौकट फोडावी लागते. म्हणून ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा : काच स्क्रूच्या पट्टीत, सुटी निघणारी.

तिथेच हेही लिहा : मशीन 56 बाय 56 मिलिमीटरच्या प्रचलित मापाचं, तबकडीतलं भोक 8 मिलिमीटरचं. तबकडी आणि मागची फळी मिळून 9 मिलिमीटर होत असतील तर त्यांतून पुढे येणाऱ्या मशीनच्या नळीवरचे आटे निदान 12 मिलिमीटर हवेत, नाहीतर वॉशर घातल्यावर नटाला पकड राहत नाही. सेकंदकाटा आणि काच यांच्यात 4 ते 5 मिलिमीटर मोकळे ठेवा. साठ घड्याळांमागे सहा मशीनं जादा घ्या, काट्यांसकट आणि त्याच लॉटमधली, कारण काट्यांच्या भोकाचं माप कंपनीगणिक बदलतं. चौकट एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) नको, पावसाळ्यात कडा फुगतात. सागवान किंवा ॲल्युमिनियम घ्या.

प्रश्न : नमुना आला, पण तबकडीवरची जोडाक्षरं फुटली आहेत. ‘शताब्दी’तल्या ‘ब’चा पाय मोडून ‘द’ वेगळा पडलाय. फाइल तर बरोबर होती. (सांगली)

उत्तर : तुमच्या संगणकावर बरोबर होती! कारखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, किंवा त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी नीट जुळवता आलं नाही, की जोडाक्षरं सुटी होतात, रफार सरकतो. मजकूर अक्षर म्हणून पाठवूच नका. डिझायनरकडून सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांमध्ये, बदलून घ्या, त्याची पीडीएफ पाठवा आणि सोबत छापील कागदाचा फोटो द्या. उरलेली घड्याळं करायला घेण्यापूर्वी एक पूर्ण तबकडी छापून मागवा आणि ती फाइल न बघितलेल्या माणसाकडून वाचून घ्या. आपण लिहिलेल्या मजकुरातली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी मिळालेलं स्मृतिघड्याळ उन्हाळ्यात मागे पडतं, हिवाळ्यात बरं चालतं. सेल नवा आहे. (चंद्रपूर)

उत्तर : सेलचा दोष नाही. आतला क्वार्ट्झ सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, आणि तो 25 अंशांच्या आसपास सर्वात जलद असतो. त्यापासून तापमान वर गेलं किंवा खाली, तरी तो मंदावतो. 45 अंशांना दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास, म्हणजे महिन्याला पस्तीसेक सेकंद. 15 अंशांना हाच फरक महिन्याला नऊ सेकंदांचा, म्हणून थंडीत जाणवत नाही. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर असेल तर आतल्या भिंतीवर न्या. महिन्याला दोन मिनिटांहून जास्त मागे पडत असेल तर मात्र मशीन बदला. त्याआधी सेलच्या पत्र्यांवर पांढरी पूड दिसते का बघा. दिसली तर सेल काढून कानकाडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच नवा सेल घाला.